रिकाम्या हौद्याची थरथर

नाव काय म्हणालात? भाऊसो. बरं, बसा भाऊसो. लाईट यायला अजून तासभर तरी जाईल, आणि कंदिलाच्या उजेडात मी कुणाच्या गाडीखाली शिरत नाही. कुपवाडात बाकी काही वेळेवर होवो न होवो, लाईट मात्र वेळेवर जाते.

तुमची तक्रार ऐकली मी. हमरस्त्याला लागून वेग घेतला की पिकअप थरथरते आणि माल भरला की गप्प बसते. ही तक्रार घेऊन वर्षाला चार-दोन जण तरी येतात. कारण मला ठाऊक आहे, काम अवघड नाही. पण हत्यारं काढायच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, की गाडी रिकामी असताना ती थरथर कधी मध्येच थांबते का? तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा काळजी नाही. तरी मी हे का विचारतो ते ऐका. वेळ जायला हवाच आहे.

शहाण्णव सालची गोष्ट. नाथाजी मोहिते म्हणून एक गृहस्थ होते. पलटणीत ड्रायव्हर होते, पेन्शनीवर आल्यावर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. घर पेठ नाक्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. कुपवाडातून कास्टिंग भरायचं, साताऱ्याच्या कारखान्यात उतरवायचं आणि रिकामं परत यायचं, असा त्यांचा धंदा. माणूस अंगानं दांडगा, पण बोलायला इतका कमी की एखाद्याला वाटावं रागावलाय.

"मिस्त्री, साठाच्या फुडं गेली की थरथरतीया," एवढं सांगून ते बाकड्यावर बसले.

मी तेव्हा तरुण होतो आणि दोष शोधण्याची मला भारी हौस. गाडी पेठच्या रस्त्याला काढली. साठला सीटखाली मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं, सत्तरला आरशातलं मागचं झाड पुसट दिसायला लागलं. त्याच वेगात गिअर काढून गाडी मोकळी सोडली, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. चाकं बदलून पाहिली, फरक नाही. मग मागची चाकं ठोकळ्यावर उचलून प्रोपेलर शाफ्ट फिरवला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब दांडा हो. फिरत्या शाफ्टच्या अगदी जवळ खडू धरायचा. शाफ्ट एका बाजूला जड असला तर तीच बाजू खडूला लागते. खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटली. जोडाचे क्रॉसही घट्ट होते.

मग नाथाजींना हौद्यात मागं बसवलं आणि पुन्हा गाडी काढली. सत्तरला गेलो, पंचाहत्तरला गेलो, थरथर नावाला नाही. मला हसूच आलं. परत येऊन पाट्यांखाली, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांखाली, वाकलो तर आपली नेहमीची खोड दिसली. गाडी घेतली की आपल्याकडं पहिलं काम काय, तर पाट्यात एक जादा पान घालायचं, म्हणजे दुप्पट माल भरता येतो. मग गाडी रिकामी असली की मागून उचललेली राहते, शाफ्ट तिरका होतो आणि वेगात थरथरतो. मागं ओझं आलं की गाडी बसते, शाफ्ट सरळ होतो. मी चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून नाथाजींना दाखवलं. गाडी रिकामी असली की तीन बोटं आरामात जात होती. ते मागं बसले की तीच तीन बोटं अडकत होती.

"एक पान काढू, झालं काम," मी म्हणालो.

नाथाजी उठले नाहीत. बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आनि मिस्त्री, रिकाम्या गाडीची थरथर मधीच थांबली तर?"

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचा धाकटा भाऊ आकाराम दोन वर्षांपूर्वी उंब्रजच्या बाजाराला गेला, तो घरी आलाच नाही. फाट्यावर हात करून कुठल्याशा गाडीच्या हौद्यात चढताना एका पानवाल्यानं त्याला पाहिलं, तेवढंच. पोलीस झाले, नातेवाईक झाले, गोव्यापर्यंत शोध झाला. त्यांची आई मनुबाई अजून रोज त्याच्या वाटची भाकरी टोपल्यात ठेवत होती. तो कुठंतरी आहे, एक दिवस येईल, यावर ती म्हातारी जगत होती. साताऱ्याहून परत येताना नाथाजी त्या फाट्यावर थांबायचेच. इंजिन चालू ठेवून इकडंतिकडं बघायचे आणि निघायचे. आणि तिथून निघाल्यावर गाडी थरथरायची नाही. कराडच्या अलीकडं कुठंतरी पुन्हा सुरू व्हायची.

"ह्याचं कायतरी मशीनचंच कारन निघू द्या," ते म्हणाले. "न्हाईतर मी आईला काय सांगू..."

माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. अंगात येणं, लिंबू-मिरची, भूतखेत यांना आमच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. मी नाथाजींना म्हणालो, रस्त्याचा उतार असेल, डांबर नवं असेल, निघेल काहीतरी. उद्या मीच येतो बरोबर.

दुसऱ्या दिवशी माल उतरवून आम्ही साताऱ्यातून निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मनुबाई लेकीकडं साताऱ्याला आल्या होत्या, त्यांनाही घ्यायचं होतं. म्हातारी काटकुळी. मांडीवर लेकीनं दिलेला लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. मागं हौद्यात एक ताडपत्री आणि दोराचं वेटोळं, बाकी काही नाही. मी स्वतः पाहून चढलो होतो.

गाडीनं साठ ओलांडला आणि डब्याचं झाकण किणकिणायला लागलं. ते उंब्रजपर्यंत वाजत राहिलं. मला बरंच वाटलं, कारण दोष होता तिथं होता.

उंब्रज फाट्यावर नाथाजींनी गाडी कडेला घेतली. मनुबाई डाव्या बाजूच्या गर्दीत एकेक तोंड बघत होत्या. मग आम्ही निघालो. साठ झाले, सत्तर झाले. झाकण वाजलं नाही.

मी गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला. दांडा थंड आणि शांत होता. उतार नव्हता, डांबरही तेच, जुनं, उखडलेलं. आरशात मागचा ट्रक अगदी स्वच्छ दिसत होता. मी नाथाजींना गाडी थांबवायला सांगितली, मागं गेलो. हौद्यात ताडपत्री आणि दोर. वाकून फटीत बोटं घातली. तीन बोटं अडकली.

भाऊसो, मी पुन्हा घातली. दुसऱ्या चाकापाशी जाऊन घातली. मग येऊन बसलो.

"काय निघालं?" नाथाजींनी समोर बघत विचारलं.

"चला पुढं... बघू," मी म्हणालो.

कराड यायच्या आधी, एका वळणानंतर, झाकण एकदम किणकिणलं. मी हात वर केला. नाथाजींनी गाडी थांबवली. डाव्या हाताला बाभळींच्या मागं खडीची जुनी खाण होती, बंद पडलेली. सूर्य टेकला होता. साठलेल्या पाण्याचा आणि शेवाळाचा ओला वास रस्त्यापर्यंत येत होता. एवढा हमरस्ता, पण तेवढ्यात दोन्हीकडून एकही गाडी आली नाही. मी फटीपाशी वाकलो. तीन बोटं आरामात गेली.

मनुबाई खाली उतरल्या. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तो डबा त्यांच्या मांडीवर होता. वाजणं कुठं थांबलं आणि कुठं सुरू झालं ते त्यांना आमच्याइतकंच कळलं होतं.

"हितं काय हाय रं?" त्यांनी विचारलं.

"जुनी खान हाय, आई. पानी हाय."

त्या बाभळींमधून खाणीच्या काठापर्यंत गेल्या. बराच वेळ उभ्या होत्या. परत आल्या त्या सरळ हौद्यापाशी. हौद्याच्या मागच्या झडपेवर, फाळक्यावर, हात ठेवला आणि तोंड उघडलं. मी समोरच होतो. त्यांच्या ओठांवर नाव आलं होतं, आणि त्यांनी ते गिळलं. जित्या माणसाला असल्या जागी नावानं हाक मारू नये, असं त्या मानत होत्या. नाव घेतलं असतं तर पोरगा गेला हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं झालं असतं. आई होती ती, तिच्यानं झालं नाही.

"कोन आसंल त्यानं चला घरला," त्या हळू म्हणाल्या. "सांज झाली... जेवून घ्या."

पाटे करकरले. मोठ्यानं नाही. ओझं सावकाश टेकवल्यावर येतो तेवढाच आवाज, पण थोडा लांबलेला. मी सवयीनं फटीत हात घातला. एकच बोट गेलं. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही, माझं सगळं लक्ष म्हातारीकडं होतं.

कराड गेलं, पुढचा सगळा रस्ता गेला, झाकण वाजलं नाही. घरासमोर गाडी उभी राहिली तशा मनुबाई उतरल्या, स्वतः फाळका खाली सोडला आणि मागं न बघता आत गेल्या. मागं पुन्हा करकर झाली. आतून ताट मांडल्याचा आवाज आला, आणि मग दोन वर्षं अडवून धरलेलं ते रडणं. नाथाजी चाकाला टेकून उभे होते. त्या माणसाचे खांदे हलताना बघून मलाही राहवलं नाही, मी तोंड फिरवलं.

पाणी पिऊन नाथाजी मला कुपवाडात सोडायला निघाले. दिवेलागण होऊन गेली होती. आता रिकामी गाडी थरथरायला हवी होती. साठ झाले. मी सीटवर दोन्ही हात दाबून धरले. सत्तर झाले. गाडी लोण्यासारखी चालत होती. नाथाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. गॅरेजच्या या फाटकापर्यंत तशीच आली.

पुढं उन्हाळ्यात नाथाजींनी खटपट करून पोलिसांकरवी त्या खाणीचं पाणी मोटर लावून काढायला लावलं. आकाराम सापडला. हातातल्या कड्यावरून ओळखला. मनुबाईंनी सगळं रीतसर केलं, टोपल्यातली भाकरी ठेवायची थांबवली. त्यानंतर नाथाजी ते जादा पान काढून घ्यायला माझ्याकडं आले. काम झाल्यावर हात पुसत उभे राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तितं आकाराम येकटाच न्हवता."

मी किती जण ते विचारलं नाही. मला ते एक बोट आठवलं. मी एवढंच विचारलं, की त्या संध्याकाळी मला सोडून परत जाताना गाडी थरथरली का?

"व्हय की. तुमच्या फाटकातनं भाईर पडून साठाच्या फुडं गेली आनि लगीच सुरू झाली. पार घरापतोर."

मनुबाईंनी नाव घेतलं नव्हतं, भाऊसो. मग जो तो उठून आला असेल. त्यांचा पोरगा घरी उतरला, बाकीचे बसून राहिले. इथं या फाटकात गाडी थांबली तेव्हा मी, आपण सगळेच म्हणतो तसं, सवयीनं म्हणालो, "चला, आत चला, चहा घेऊ." नाथाजी थांबले नाहीत. आई एकटी आहे म्हणाले आणि तसेच गाडी वळवून गेले.

म्हणून मी फाटकातच नाव विचारतो आणि नाव घेऊनच बसा म्हणतो. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत. तुम्ही त्या कोपऱ्यातल्या बाकड्याकडं नका सरकू, भाऊसो. इकडं, कंदिलाजवळ बसा.