गवताचं पुस्तक, क्राउन १/१६

प्रेमाला मोजमाप नसतं. हे वाक्य बारामतीतल्या छापखान्यात उच्चारलं, की समोरून प्रश्न येतो : साइज काय? डेमी, क्राउन की रॉयल, हे ठरल्याशिवाय तिथं कुणी शाईला हात लावत नाही.

मुबशिरा त्या दुपारी प्रेमात पडायला आलीच नव्हती. भांडायला आली होती. इंदापूरच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि प्रत्येक सुट्टीत सुप्याच्या माळावर बसून गवतांची चित्रं काढायची. त्या चित्रांचं तिला खिशात मावणारं पुस्तक हवं होतं. क्राउन १/१६... म्हणजे एका मोठ्या कागदाला चार घड्या. तळहाताएवढं.

काउंटरवर ताटाएवढा ठोकळा पडला होता.

"हे काय आहे?"

"पुस्तक हाय," मुजम्मिल म्हणाला. हा छापखान्याचे मालक बाबूलालचाचा यांचा मुलगा. बाइंडिंगचं सगळं त्याच्याकडं. मनगटापर्यंत खळ लागलेली, आणि डोळे... पण डोळे बघण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. ते तिनं नंतर बघितले.

"मी साइज काय सांगितली होती?"

"सोळा. पण मॅडम, चित्रं लई भारी हायत. पवन्या गवताचा तुरा येवढासा छापायचा म्हंजे... जीव झाला न्हाय. सोळाचं चार केलं, दोनच घड्या. मशीन तसंबी कारखान्यांच्या अहवालाला लावलंय, त्याच मापात बसलं."

"तुमच्या जिवाला कुणी विचारलं होतं? आता हे कुठं जाणार माहितीय? कपाटात! माझं पुस्तक माळावर फिरलं पाहिजे. चिखलात पडलं पाहिजे!"

"चिखलात?" आता मुजम्मिलचे कान तापले. "आमी शिलाई मारतो ती चिखलात टाकायला व्हय?"

मुबशिराचा राग खोटा नव्हता. आपल्याकडं पुस्तक वाचणाऱ्याच्या हातावर बेतत नाहीत, प्रकाशनाच्या फोटोवर बेततात. पाहुण्यानं छातीशी धरलं की शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे. मग ते शाळेच्या कपाटात जातं, कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली घेऊन सर बदलून जातात. मुबशिरा अशाच एका कपाटाच्या काचेला नाक लावून मोठी झाली होती. तिला तसलं आणखी एक पुस्तक नको होतं.

"उद्या सुप्याला या," ती म्हणाली. "हे घेऊन. उभ्यानं उघडून दाखवा."

"येतो की. भितो काय?"

आला. माळावर वारा होता. मुजम्मिलनं पुस्तक उघडलं, वारा पानांत शिरला आणि पुस्तकानं त्याला दोन पावलं मागं नेलं. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात गवताची काडी. पान उलटायला हात उरला नाही, म्हणून त्यानं हनुवटी वापरली. लांबून एक चिंकारा बघत होता. त्यानंही मान फिरवली.

"हसू नका."

"हसत नाहीये. चिडलेय."

"मग गालाला काय झालंय?"

ती खाली बसली. त्याचा हात ओढून तिनं कुसळीच्या ठोंबाशेजारी उताणा धरला. "पुस्तक इथं धरायचं असतं. गवताशेजारी... एवढंच."

मुजम्मिल स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिला — त्यावर तिची बोटं अजून होती.

"कळलं?"

"कळलं. पर... अजून जरा धरा."

तिनं हात झटकला. जरा उशिरा.

"पुन्हा छापतो," तो म्हणाला. "कागद माझा."

अहवालांची घाई सरली तशी ती छापखान्यात आली, घडी बघायला. मुजम्मिलनं कोरा कागद पसरला. "ही पहिली. ही दुसरी... हितं मी थांबलो हुतो."

"का थांबलात?"

"सोळा केलं आस्तं तर तुमी पुडकं घेऊन गेला आस्ता. चार केलं की भांडायला येणार... यवढं ठावं हुतं." त्यानं घाईनं पुस्ती जोडली, "चित्रं भारी हायत, ते खोटं न्हाय."

मुबशिरा खरोखरच संतापली. "माझी इतक्या वर्षांची मेहनत तुम्ही मला बोलवायला वापरली? पावतीवर फोन नंबर होता ना!"

"फोनवर काय बोलायचं?"

"'जेवलात का' विचारतात लोक!"

मशीनच्या आवाजावरून बाबूलालचाचा ओरडले, "आरं, तिकडं खळ वाळली!"

कुणी हललं नाही. मुबशिरानं कागद स्वतःकडं ओढला. तिसरी घडी तिनं रागानं घातली. चौथी काही केल्या बसेना. मुजम्मिलनं बांबूची पट्टी तिच्या हातात दिली आणि वरून आपला हात ठेवला.

"हळू... जाड झालाय आता. रागावतो."

"मी पण."

"माहिती हाय. निकाह झाल्यावर बी रागावणार?"

"रोज."

"चालंल."

घडी बसली.

निकाह डिसेंबरात झाला आणि पुस्तक जानेवारीत आलं, तळहाताएवढं. मुबशिरा वर्गातल्या मुलींना घेऊन माळावर गेली, प्रत्येकीच्या हातात एकेक प्रत दिली आणि म्हणाली, "ठेवा खिशात."

कॉलेजच्या मुलींच्या गणवेशाला खिसा नाही.