वाळलं का?

दिवा राहू द्या तसाच. दार मात्र लोटून घ्या.

गेल्या डिसेंबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी, माझे एक स्नेही मेहुणीच्या घरी एक चित्र आणायला गेले होते. काम साधे होते. मेहुणी विधवा, घर बंद करून मुलीकडे राहायला निघाली होती. आवराआवरीत मदत करायला या गृहस्थांची पत्नी दोन दिवस बहिणीकडेच होती.

गृहस्थांचे नाव सांगत नाही. कारखान्यात नकाशे काढण्यात आयुष्य गेले. लोक त्यांना फूटपट्टी म्हणत. फावल्या वेळात तैलरंगात निसर्गचित्रे काढीत. वीस वर्षे काढीत होते. झाडांची पाने मोजून घ्यावीत इतकी नेमकी. पण त्या झाडांखाली बसावेसे कोणाला वाटत नसे.

"काका, भूत तेलाचं आहे की पाण्याचं?"

थट्टा नंतर कर, धाकट्या. ऐक.

त्यांचे साडू, म्हणजे या मेहुणीचे यजमान, भट्टीवाले. पाव भाजण्यात चाळीस वर्षे गेलेली. तापलेले पत्रे ओढून ओढून बोटांची टोके गुळगुळीत झाली होती. रेषा पुसलेल्या, स्पर्श मेलेला. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी बजावले, मनाला विसावा देणारा एखादा छंद लावून घ्या. ते फूटपट्टींकडे आले. म्हणाले, "साडूभाऊ, मला शिकवा. हसू नका म्हणजे झालं."

फूटपट्टींनी शिकवले. हसलेही.

दोन वर्षांनी हसणे थांबले. भट्टीवाल्यांनी एक तळे रंगवले. सायंकाळ, काठावर चार झाडे, पाण्यावर पिवळा उजेड; दुसरे काही नाही. पण त्यापुढे उभे राहिले की माणसाचा आवाज आपोआप खाली येई. वाचनालयाच्या भिंतीवर एकच चित्र लावायचे होते. ग्रंथपाल मी. फूटपट्टींचे त्या भिंतीकडे किती वर्षे लक्ष होते, हे मला ठाऊक होते. मी तळे निवडले.

"अरे वा, साडूभाऊ! नाव काढलंत!" फूटपट्टी सर्वांदेखत म्हणाले. मत्सर असाच येतो, मुलांनो, अभिनंदन करीत.

तैलरंग महिनोन्महिने आतून ओला राहतो. तो वाळण्याआधी वरून व्हार्निश दिले, तर पुढे चित्राला तडे जातात. म्हणून अंगठ्याने हलकेच दाबून पाहतात. भट्टीवाल्यांच्या अंगठ्याला काही कळत नसे. तेवढ्यासाठी ते प्रत्येक चित्र साडूकडे आणीत. तळेही आणले.

"साडूभाऊ, वाळलं का?"

फूटपट्टींनी पिवळ्या उजेडावर अंगठा टेकला. तो किंचित आत गेला.

"वाळलं," ते म्हणाले. "द्या खुशाल व्हार्निश."

पाप एवढेच. तीन अक्षरे.

चार महिन्यांत तळे भेगाळले. मी ते उतरवले आणि त्या जागी फूटपट्टींचे चित्र लावले. काचेआड, मागून खिळे ठोकून. भट्टीवाले म्हणाले, "माझाच हात वाईट." पुन्हा त्यांनी ब्रश धरला नाही. वर्षाच्या आत गेले. या गोष्टीला सात वर्षे झाली.

तर त्या मंगळवारी मेहुणीने तेच तळे चादरीत गुंडाळून फूटपट्टींच्या हाती दिले. "भाऊजी, हे तुम्हीच ठेवा. त्यांचा तुमच्यावर फार विश्वास."

ते निघाले तेव्हा रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. वाटेत भट्टीवाल्यांचे दुकान लागते. सात वर्षे कुलूपबंद. त्यासमोर येताच ताज्या पावाचा वास आला. कढत, आत्ता पत्रा ओढल्यासारखा. मागे चपला वाजल्या. दोन पावले. थांबल्या.

"साडूभाऊ… वाळलं का?"

फूटपट्टींनी मागे पाहिले नाही. तोंडातून जुनेच उत्तर गेले. "वाळलं."

चपला पुन्हा वाजू लागल्या. घरापर्यंत.

त्यांनी दार लावले. कडी घातली. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. देवाचे नाव घेत अंथरुणावर पडले. पण मुखी नाव आणि पोटी खोटे, अशाने कोणाला झोप लागली आहे?

पावणेदोन वाजता वास खोलीत आला. पावाचा. त्यात तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा.

"वाळलं का?"

आवाजात राग नव्हता. तेच भयंकर होते. विद्यार्थ्याने विचारावे तसे. तसेच… आदराने.

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

चादर सरकल्याचा आवाज. चित्र वळल्याचा.

"साडूभाऊ…"

"ओलं होतं!" ते ओरडले. "ओलं होतं हो. मला कळलं होतं."

मग काहीच नाही.

…

सकाळी सहाला ते माझ्या दारात उभे होते. सारे सांगितले. मी म्हणालो, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." दोघे गेलो. मेहुणी ट्रंक भरत होती. तिने ऐकून घेतले. हातातल्या साडीची घडी पुरी केली.

"मला ठाऊक होतं, भाऊजी. मीही दाबून पाहिलं होतं. म्हटलं यांना, अहो, ओलं आहे. तर माझ्यावरच चिडले. साडूभाऊ वाळलं म्हणाले, म्हणजे वाळलं."

फूटपट्टी भिंतीला धरून खाली बसले. माझ्यादेखत. एवढा ताठ माणूस.

तिथून आम्ही वाचनालयात गेलो. आपले चित्र उतरवा, असा त्यांचा हट्ट. मी कुलूप काढले. काच शाबूत. मागचे खिळे गंजलेले, जागच्या जागी. मी स्वतः उपटले. त्यांच्या निळ्या आकाशात, मधोमध, अंगठ्याएवढा खळगा होता. खोल. एकही रेषा नसलेला. आणि आत पिवळा रंग. त्या चित्रात पिवळा रंग कुठेच नाही.

"काका… मग… तो वाळला का?"

ते चित्र माझ्या कपाटात आहे. आज संध्याकाळी तो पिवळा रंग पुन्हा दाबून पाहिला.

दिवा इकडे कर. हा बघा अंगठा. साबणाने दोनदा धुतला आहे.