डावा कान

बाबा सैन्यात सुरुंग लावणाऱ्या तुकडीत होते. निवृत्त झाल्यावर मात्र घरातलं दारसुद्धा हात लावून अलगद मिटायचे. आई नर्स. तिची सकाळची पाळी असायची, म्हणून माझ्या वेण्या तेच घालायचे; इतक्या घट्ट, की शाळेत दिवसभर माझ्या भुवया ताणलेल्या असत. "मान हलवू नकोस," एवढंच त्यांचं पालुपद. पुढे नातवंडांना सायकल त्यांनीच शिकवली. गल्लीतले त्यांना फौजी म्हणत. नव्वदी ओलांडली तरी शर्टाला इस्त्री स्वतःच करायचे.

त्यांच्या नावावर एक डाग होता. माघार घेताना तुकडीने नदीवरचा पूल उडवला, तेव्हा तुकडीतलीच, आमच्या गावाकडची काही पोरं पलीकडच्या काठावर होती. बाबा "थांबा, थांबा" म्हणत राहिले. कॅप्टन बाबांहून वयाने लहान, आणि घाबरलेला. खटका त्याने दाबला. चौकशीत नाव मात्र बाबांचं घेतलं. हे बाबांनी फक्त आईला सांगितलं होतं, आईने मला. बढती हुकली त्याचं त्यांना काही नव्हतं. पण मेलेल्या पोरांच्या आया रस्त्यात तोंड फिरवायच्या, तेव्हा ते मान खाली घालून उभे राहायचे. खरं का सांगत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्यांना कुणावर तरी रागवायला हवं ना, बाळ."

बाबा गेले तेव्हा कॅप्टन घरी भेटायला आला. काठी टेकत, कडक इस्त्रीच्या कोटात. माझ्या मुलांना जवळ बसवून म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. ती एक चूक सोडली तर. मी त्याला केव्हाच माफ केलंय."

मी त्याला पाणी दिलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मनात म्हटलं, बाबा, आता तरी बोला.

काही आठवड्यांनी तो माझ्या दवाखान्यात आला. मी कानाची डॉक्टर आहे. त्याचे गाल बसले होते, दाढी वाढली होती. डाव्या कानात कोणीतरी सतत बोलतंय, अशी त्याची तक्रार.

त्याचा डावा कान पुलाच्या त्या स्फोटातच गेला होता. तरी मी रीतसर चाचणी केली. बंद खोलीत, उजवा कान झाकून, डाव्यात सगळ्यात मोठा आवाज सोडला. त्याची पापणीही हलली नाही. मी समजावलं की मेलेल्या कानात मेंदू स्वतःच आवाज भरतो, या वयात पुष्कळांना होतं.

"तुझे वडील आहेत," तो म्हणाला. "पुलापलीकडच्या एकेकाचं नाव घेतात. घरी कोण कोण होतं, सांगतात. संपलं की पुन्हा पहिल्यापासून."

कधीकधी कानामागच्या रक्तवाहिनीची धडधड डॉक्टरलाही ऐकू येते. त्यासाठी एक साधी रबरी नळी असते. तिचं एक टोक मी त्याच्या डाव्या कानात बसवलं, दुसरं माझ्या कानात.

आधी नुसती घरघर.

मग बाबा. अगदी जवळून, न चिडता.

"मान हलवू नकोस. ऐक."

कॅप्टनची मान ताठ झाली होती.

"तुलाही ऐकू आलं," तो म्हणाला. "नाही म्हणू नकोस. मी सगळ्यांना खरं सांगतो. खटका मी दाबला, मी. तू फक्त एकदा हो म्हण. मला वेड लागलं नाही, एवढंच सांग."

त्याने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला.

"मला काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "बाकी तुमची तब्येत ठणठणीत आहे. अजून पुष्कळ वर्षं काढाल."

तो रडायला लागला.

नळी अजून माझ्या कानात होती. बाबांचं बोलणं थांबलं.

मग एका अनोळखी, कोवळ्या आवाजाने विचारलं, "दादा, आता मी बोलू?"

आणि त्या आवाजाच्या मागे आणखी कोणीतरी घसा खाकरला.