मनोरीच्या पियानोच्या दहा पट्ट्या

चौथी शिकलेली बाई आहे मी. चुका खुशाल काढा, पण खोटं म्हणू नका. एकतीस वर्षांच्या पोराला रोज हाताने भरवते मी. हौस आहे का मला?

गेल्या मे महिन्यातला मंगळवार. मनोरी. भरदुपार.

माझा नितेश जुने पियानो दुरुस्त करतो. बोरिवलीत त्याच्यासारखा हात नाही. सुकी मासळी घ्यायची म्हणून मीही सोबत गेले.

पियानोवाल्या बंगल्यात नीलम एकटीच. तिची सासू महिन्यापूर्वी वारलेली. सांधेदुखीने बोटं ताठ झालेली बाईंची. खाऱ्या हवेने पियानोचंही तेच... दहा पट्ट्या जाम.

"पियानोला हात लावू देऊ नकोस, म्हणायच्या सासूबाई," नीलम म्हणाली.

"मेलेल्या माणसाचं काय ऐकायचं?" मी म्हटलं.

नितेशने पहिली पट्टी उचलली. खालची गंजलेली पिन घासली, स्पिरिटचा थेंब सोडला. पट्टी मोकळी झाली.

आतल्या बंद खोलीत... कट्.

कुणीतरी बोट मोडलं.

"आत कोण आहे गं?"

"कुणीच नाही, काकू."

दुसरी पट्टी... कट्.

पाचवीला नितेश थांबला. "आई, डाव्या हाताची बोटं वळत नाहीत गं."

"नाटकं बंद कर. आपल्या घरात कुणी काम अर्धवट सोडलंय? उजवा आहे ना?"

तो रडत होता. मी उठू दिलं नाही.

शेवटची पिन त्याने दोन तळव्यांत फडकं धरून घासली.

कट्.

दहाही बोटं काठीसारखी ताठ.

आता मी घाबरले. त्याच्या तोंडावरून हात फिरवले, अलाबला घेतली, बोटं कानशिलावर दाबली...

माझं एकही बोट मोडलं नाही.

आत मात्र एकदम दहा. कडाकडा.

मग समोरच्या पियानोच्या पट्ट्या आपोआप दबायला लागल्या.

डॉक्टर म्हणतात, हाडं ठीक आहेत.

परवा नीलमचा फोन. "काकू, अकरावी पट्टी अडकलीय. वाजता वाजता सूर तिथेच थांबतो, मग कुणीतरी झाकण आपटतं. नितेशला पाठवता?"

गोवंडीच्या एका कारागिराचा नंबर दिला मी. दुसऱ्याची बोटं मिळाली तर ती मेलेली बाई माझ्या पोराची सोडेल, असं वाटलं. त्या कारागिराला काही सांगितलं नाही.

तो आज सकाळी मनोरीला गेला.

दुपारी भरवताना नितेशची करंगळी हलली.

मी गोवंडीवाल्याला फोन लावला. वाजत राहिला... उचलला नाही.

दुसऱ्यांदा मी लावला नाही.