दोर पडेपर्यंत

बुधवारी सकाळी पहिल्या फेरीच्या बोटवाल्याला हेरॉन कोव्ह हॉटेलच्या धक्क्याखाली आधी टोपी दिसली. पाणमांजराचे कान असलेली, शेजारच्या करमणुकीच्या पार्कमध्ये प्रत्येक दुकानात मिळते ती. टोपीपासून हातभर अंतरावर, पाण्यात पालथी, टोपीची मालकीण होती.

डिटेक्टिव्ह इव्हेलिस रोसादो पोचली तोवर हॉटेलवाल्यांनी धक्क्याभोवती पडदा उभा केला होता. पार्कच्या आवारात काहीही मोडलं, पडलं, मेलं की आधी पडदा येतो. त्यावर हसरं पाणमांजर होतं आणि खाली लिहिलेलं होतं, ‘तुमच्यासाठी काहीतरी छान घडतंय!’

“लॉर्ना व्हिकरी. एकसष्ट. ओहायो,” सार्जंट पोमरॉय म्हणाला. “संध्याकाळचा पाऊस, ओल्या फळ्या, पाय घसरला. कागद कर आणि चल, इव्ही. कॉफी माझी.”

“तुझी कॉफी? मग खून नक्की.”

तो हसला नाही. ती वाकून बघत होती. डोक्याला मागच्या बाजूनं खोक होती.

“पडताना खांब लागला असेल,” पोमरॉय म्हणाला.

“मागून?”

“माणूस कसाही पडतो.”

डॉक्टरांनी हात झटकले. पाणी कोमट; रात्री उशिरा ते पहाट, यापेक्षा बारीक सांगता येणार नाही. लॉर्नाचा फोन धक्क्यावरच्या बाकाखाली सापडला. ओला नव्हता.

रोसादो इथलीच, किसिमीत वाढलेली. या गावाचं पोट दुसऱ्यांच्या सुट्टीवर चालतं, त्यामुळे सुट्टीवर आलेली माणसं तिला उघड्या पुस्तकासारखी वाचता यायची. हॉटेलच्या खोलीतून तळं दिसतं म्हणून माणसं जादा भाडं भरतात. तळ्यातून खोली बघायची पाळी आलेली ही पहिलीच.

*

हॉटेलच्या दिवाणखान्यात आठ वर्षांची मुलगी पोहायच्या पोशाखात बसली होती. कपाळावर पाण्यात घालायचा चष्मा चढवलेला. कपाळापासून डोक्याला घट्ट चिकटवत मागे नेलेल्या दोन वेण्या, एक बट इकडची तिकडे नाही. समोर पाणमांजराच्या आकाराचा वॉफल. तिनं फक्त कान खाल्ले होते.

“आजी अजून आली नाही,” तिनं रोसादोला सांगितलं. तक्रार नव्हती, नुसती माहिती.

हिला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. शेजारी तिचा बाप उभा होता, क्रेग डनलव्ही, लॉर्नाचा जावई. पायाशी भरलेल्या बॅगा. रोसादोनं त्याला बाजूला घेतलं.

“निघालात?”

“दुपारचं विमान मिळालंय. पोरीला इथे कशाला ठेवू, मॅडम? तिची आई गेली दोन वर्षांपूर्वी, आता आजी.”

“सासूबाईंना शेवटचं कधी पाहिलंत?”

“पार्कमध्ये. आतषबाजी सुरू होती. जूनी पेंगायला लागली, तिला खांद्यावर टाकून मी परत आलो. त्या म्हणाल्या, मी थांबते.”

“एकट्या?”

“त्यांना कोण सांगणार? सव्वा वर्ष ही सुट्टी आखत होत्या. लढाईसुद्धा इतकी आखत नाहीत.”

“रात्री त्या परतल्या नाहीत, हे कळलं नाही?”

“त्यांची आणि जूनीची खोली वेगळी, माझी शेजारची. मधलं दार आहे, पण मी झोपलो. सकाळी तुमच्या लोकांनी उठवलं. एरवी मी दहाशिवाय डोळा उघडत नाही. आठवडाभर सकाळी या दोन म्हाताऱ्या, सासूबाई आणि त्यांची मैत्रीण, जूनीला घेऊन पार्कात पळायच्या, मी थेट जेवायला गाठायचो.”

“मग आज जूनीला कोणी तयार केलं?”

“मीच. आणखी आहे कोण?”

त्यानं फोनमधला रात्रीचा फोटो दाखवला. मागे आकाशात लाल फुलं. लॉर्ना टोपी घालून हसतेय. जूनीच्या डोक्यावर कानांचा पट्टा, त्याखालून सुटलेले केस, एका बटेला साखरेचा कापूस चिकटलेला.

हॉटेलात दारं मनगटावरच्या पट्टीनं उघडतात. काल रात्री फक्त क्रेगच्या पट्टीनं त्याच्या खोलीचं दार उघडलं होतं. लॉर्नाच्या पट्टीनं कुठलंच दार उघडलं नव्हतं. सगळं त्याच्या सांगण्याशी तंतोतंत जुळत होतं. जमा तेवढाच खर्च, शिल्लक शून्य. असं जमलं की रोसादोला आपलं पाकीट चाचपून बघावंसं वाटायचं.

*

दुसरी म्हातारी म्हणजे बेव्ह केसिंगर. लॉर्नाची बावीस वर्षांची मैत्रीण, वरच्या मजल्यावर उतरलेली. काल जेवताना दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. जेवण वाढणाऱ्या मुलीनं कानांनी ऐकलं होतं, ‘तुला तळ्यात ढकलीन!’

“म्हणालात?” रोसादोनं विचारलं.

“म्हणाले. बावीस वर्षं म्हणतेय. तीही मला म्हणायची.” बेव्हचे डोळे सुजले होते, पण जीभ शाबूत होती.

“भांडण कशावरून?”

“हॉटेलवरून सुरू झालं. अगं पोरी, हसू नकोस. लोक नवरा इतका पारखून घेत नाहीत. मला हवं होतं सँडपायपर. काय तिथलं पोहायचं तळं! झोपून नदीसारखं वाहत जायचं, हातात गार काहीतरी. आणि हिला हेरॉन कोव्हच. पलंग कडक, जेवण सपक, भाडं अव्वाच्या सव्वा.”

“मग हेच का?”

“दोरासाठी! या धक्क्यावरून पार्कच्या बाजूच्या दाराशी चालत जाता येतं. बसनं येणारे पोचायच्या आत आपण दोरापुढे पहिले.”

“दोर म्हणजे तो सकाळचा.”

“तोच. आत घेतात, पण चौकात दोर लावून अडवून ठेवतात. वेळ झाली की दोर पडला, आणि मग जो पळेल त्याचा पहिला पाळणा. लॉर्नाचं ब्रीदवाक्य होतं, दोर चुकला त्याचा दिवस चुकला. चाळीस मुलांची शाळेची बस चालवलेली बाई. तिच्या पुढे कोण जाणार?”

“तुम्ही मान्य कसं केलंत?”

“तडजोड. हॉटेल तिचं, बुधवार माझा. बुधवारी पार्क नाही, दोर नाही, नुसतं पोहायचं. जूनीनं करंगळीला करंगळी लावून आमच्याकडून वचन घेतलं होतं.”

“हॉटेलवरून सुरू झालं म्हणालात. संपलं कशावर?”

बेव्हनं दाराकडे पाहिलं. “क्रेगवर. याला का आणलंस, म्हटलं. गेल्या थंडीत त्यानं पोरीला गाडीत कोंडलं आणि स्वतः दारूच्या गुत्त्यात बसला. लॉर्नानं हातोडीनं काच फोडून काढली तिला. पुढच्या महिन्यात कोर्टात जूनीचा ताबा कायमचा लॉर्नाला मिळणार होता. हा मागे लागला होता, अर्ज मागे घ्या. ती म्हणाली, घेणार नाही, पण पोरीला बापाची एक तरी चांगली आठवण असू दे. आज रात्री त्याला स्पष्ट सांगते, म्हणाली.”

“आणि आता लॉर्ना नाही.”

“आता अर्जच नाही. तो बाप आहे. दुपारी पोरीला घेऊन जाईल आणि तुमचा कायदा त्याला दार उघडून देईल.”

मग तिनं फोन पुढे केला. काल रात्री, पार्क बंद व्हायच्या थोडं आधी, लॉर्नाच्या फोनवरून आलेला निरोप:

‘दोर पडेपर्यंत थांबते. जागू नकोस.’

“मी चिडले,” बेव्ह म्हणाली. “बुधवार माझा असताना! वाटलं, खिजवतेय. रात्रभर दाराशी बसून सकाळी पहिली येणार, आणि माझ्या बुधवारचा चुराडा. मी उत्तर दिलं नाही. एक फोन केला असता तर...” तिनं फोन पालथा ठेवला.

पोमरॉयला मात्र हायसं वाटलं. “ऐकलंस ना? बाई हट्टानं धक्क्यावर बसून राहिली, पहाटे दाराकडे निघाली, घसरली. निरोपच सांगतोय.”

“निरोप बरंच सांगतोय,” रोसादो म्हणाली. “डनलव्हीचं विमान सुटायच्या आत मला सगळ्यांना एका खोलीत बसवायचंय.”

“आणि तुझं चुकलं तर?”

“तर पोर गाडीत बसेल. कुठल्या गाडीत, ते बेव्हबाईंनी सांगितलंच आहे.”

*

मोकळी खोली एकच होती, वाढदिवसांची. भिंतीवर रंगीत फितींच्या माळा, खुर्च्या मुलांच्या मापाच्या. क्रेग गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. बेव्ह भिंतीशी, पोमरॉय दाराशी. जूनीला बाहेर स्वागतकक्षातल्या बाईनं रंग दिले होते.

“डनलव्ही, रिपोर्टसाठी एकच गोष्ट राहिली,” रोसादो म्हणाली. “तुम्ही जूनीला घेऊन निघालात तेव्हा दोर पडला होता?”

“नाही. आतषबाजी चालू होती म्हटलं ना. दोर पडायला तासभर तरी होता.”

बेव्हची मान वर आली.

“काय म्हणालास?”

“दोर हो. ते बंद करताना...” तो थांबला. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं, पण का ते येईना.

“बंद करताना नाही,” रोसादो म्हणाली. “दोर सकाळी पडतो. पडदा पडला की खेळ संपतो, म्हणून दोर पडला की पार्क संपतं, असं तुम्ही धरून चाललात. आठवडाभर दोन्ही म्हाताऱ्यांच्या तोंडी तो शब्द ऐकलात. पण दोर पडताना कधी पाहिला नाहीत, कारण तेव्हा तुम्ही घोरत होतात.”

“शब्द चुकला माझा. त्यात काय?”

“तुमचा चुकला तर काही नाही. पण तोच शब्द तसाच लॉर्नाच्या निरोपात चुकलाय. आज बुधवार. आज तिला दोरच नव्हता. पोरीला करंगळीचं वचन दिलं होतं. तो निरोप लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, बंद होईपर्यंत पार्कमध्ये थांबते. म्हणजे लॉर्ना पार्कमध्ये, आणि तुम्ही खोलीत झोपलेले. नकली सही करणारा नेहमी एक वेलांटी जास्त काढतो. ‘उशीर होईल’ एवढं लिहिलं असतंत तर मी आत्ता पोमरॉयची कॉफी पीत असते.”

“तिचा फोन मी कसा उघडणार?”

“जूनीच्या वाढदिवसाच्या आकड्यानं,” बेव्ह थंडपणे म्हणाली. “अख्ख्या ओहायोला माहीत आहे.”

क्रेगनं ओठ चाटले. “शब्दावरून माणसाला फाशी देणार? ती परत आलीच नव्हती. तिची पट्टी बघा. दार उघडलेलं नाही.”

“उघडायची गरज काय? तिघं एकत्र आलात, तुमच्याच दारानं. मधल्या दारानं ती जूनीला घेऊन आपल्या खोलीत गेली. मग बाहेर पडताना आपलं दार तुम्ही नुसतं लोटून ठेवलंत. ती आली होती, डनलव्ही. फोटोत पोरीचे केस मोकळे आहेत. आज दोन वेण्या आहेत. कोणी घातल्या?”

“मी. सकाळी. सांगितलं ना, मीच तयार केलं.”

रोसादोनं भिंतीवरच्या माळेतून तीन लांब फिती ओढून काढल्या आणि त्याच्या मांडीवर टाकल्या.

“घाला.”

“काय?”

“वेणी. दोराला पेड, वेणीलाही पेड. तिथे तर कपाळापासून बट उचलत उचलत घातलीय. इथे नुसते तीन पेड आहेत. सोपं काम.”

त्यानं फिती उचलल्या. उजवी डावीवर टाकली. मग पुन्हा उजवीच. मधली कुठे गेली ते त्याला कळेना. फिती हातातून घरंगळल्या, त्या उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“पोहायचं असलं की लॉर्ना रात्रीच वेण्या घालायची,” बेव्ह पुटपुटली. “पोरगी झोपेत असली तरी. सकाळी तेवढाच वेळ वाचतो, म्हणायची.”

पोमरॉयनं दाराला पाठ लावली. कॉफीचं नाव त्यानं काढलं नाही.

“मी तिला नुसतं बोलायला बाहेर बोलावलं होतं,” क्रेग जमिनीकडे बघत म्हणाला. “अर्ज मागे घ्या म्हटलं. नाही म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. निघाली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, जाऊन झोप, सकाळी पोरीला पोहायला न्यायचंय. जसा मी तिच्या बसमधला कुणीतरी कार्टा. मी ढकललं. खांबावर आपटली. पाण्यात पडली तेव्हा हात हलवत होती.”

“आणि तुम्ही?”

तो सांडलेल्या फिती गोळा करायला लागला. टेबलावर कागदी टोप्यांची चळत होती, पोमरॉयनं ती बाजूला सरकवली आणि बेड्या काढल्या.

*

क्रेगला मागच्या दारानं नेलं. पुढे पाहुणे होते. हॉटेलनं तशी नम्र विनंती केली होती.

बेव्हनं तोंड धुतलं, दोनदा. “मी सांगते तिला. पण आधी ते केस मोकळे करते. रात्रीपासून ओढलेत, दुखत असतील.”

“वेण्या सोडू नका, बेव्हबाई.”

“का?”

“फोटो घ्यावे लागतील. आधी.”

बेव्हनं टॉवेल खाली ठेवला. “पुरावा?”

“पुरावा.”

“घे मग लवकर,” बेव्ह म्हणाली. “त्याच्यानंतर त्या मी सोडणार नाही. तिला सोडायच्या तेव्हा तीच सोडेल.”

पोलिसांचा कॅमेरा आला. जूनी खिडकीपाशी उभी राहिली. उजवीकडून एक झाला. डावीकडून एक. मग पाठमोरा, दोन्ही वेण्या दिसतील असा. तिनं न सांगता मान ताठ धरली. सुट्टीच्या फोटोंची तिला सवय होती.

“झालं,” रोसादो म्हणाली.

“समोरून राहिला,” जूनी म्हणाली. ती वळली, चष्मा कपाळावर नीट केला आणि पडलेल्या दाताच्या फटीसकट हसली. “हा आजीला पाठवा.”

फोटोग्राफरनं रोसादोकडे पाहिलं. तिनं मान हलवली, आणि त्यानं तोही काढला.