मधली दोन वर्षं

"फोटो छान आलाय. पण ही मधली दोन वर्षं कुठं गेली?" असं म्हणून जुमानानं लॅपटॉपच्या पडद्यावर नेमकं तिथंच बोट ठेवलं.

अम्मानच्या लुवैब्दे टेकडीवर, पायऱ्यांच्या गल्लीतल्या कॅफेत दोघी बसल्या होत्या. नोकरी शोधणाऱ्यांची प्रोफाइल सजवून देणं हा जुमानाचा धंदा. रुबा तिची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून तिला काम फुकट, फक्त बोलणी खावी लागायची. रुबानं स्वतःबद्दल 'मेहनती आणि प्रामाणिक' असं लिहिलं होतं. जुमानानं ते खोडलं. मेहनती तर गाढवही असतं, वाचणाऱ्याला चित्र दिसलं पाहिजे, असं सुनावून तिनं तिथं वाक्य घातलं: 'हिशेब जुळेपर्यंत मान वर करत नाही.'

"यम्माला सांभाळत होते. तुला माहीत नाही का?" रुबा म्हणाली.

"मला माहीत आहे गं. पण साहेबाला काय वाटणार? बाई घरी बसून होती."

घरी बसून! रुबाच्या अगदी जिव्हारी लागलं. दोन वर्षं तिनं आईला, यम्माला, कुशीवर वळवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, केस विंचरले होते. औषधांचा वास यम्माला सहन व्हायचा नाही, म्हणून रुबा गॅसच्या हीटरवर संत्र्याची सालं ठेवायची. तो गोड, करपट वास खोलीभर पसरला की यम्मा डोळे मिटून हसायची. थोरली बहीण इख्लास शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इर्बिद शहराहून यायची, डोळे पुसायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. रुबाला त्या दिवसांचं कधी ओझं वाटलं नाही. आयुष्यात अगदी आपलं म्हणावं असं तिच्यापाशी तेवढंच होतं.

पण नोकरी तर हवी होती. यम्मा गेल्यापासून एका अर्जाला धड उत्तर आलं नव्हतं, आणि इकडे इख्लासनं धोशा लावला होता की इर्बिदला ये, पोरांना सांभाळ. एकदा गेलं की जन्मभर तिथंच, हे रुबाला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं प्रोफाइलवर त्या दोन वर्षांच्या जागी एक खोटी कंपनी बसवली. यम्माच्या खिडकीखाली लिंबाची दोन झाडं होती, त्यावरून नाव दिलं शजरतैन, म्हणजे दोन झाडं. काम हिशेबाचं. कुणी विचारलंच तर बंद पडली म्हणायचं, असं जुमानानं शिकवून ठेवलं.

आठवडाभरात फोन यायला लागले. रुबाचा जीव भांड्यात पडला. त्याच सुमारास तिच्या प्रोफाइलवर नासिफ नावाच्या कुणीतरी शिफारस लिहिली. त्यानं लिहिलं होतं की शजरतैनमध्ये आम्ही शेजारी बसायचो. रुबासारखी एकाग्र बाई मी पाहिली नाही, मान म्हणून वर करायची नाही. रुबा चरकली. जुमाना मात्र पोट धरून हसली. त्या बिचाऱ्याचीही वर्षं रिकामी असतील, म्हणून तुझ्या कंपनीत घुसला. आभार मान आणि गप्प बस, असं ती म्हणाली. रुबानं आभार मानले.

मग एका सकाळी बेकरीच्या रांगेत एका अनोळखी बाईनं तिचा दंड धरला. शजरतैनमधली रुबा ना तू, म्हणाली. रुबानं कसनुसं हसून मान हलवली. बाई मोठ्या मायेनं बोलत होती, की हिवाळ्यात ऑफिसच्या हीटरवर तू संत्र्याची सालं ठेवायचीस, आम्हा सगळ्यांना तो वास फार आवडायचा. रुबा रोटी न घेताच घरी आली. सालांचं तिनं प्रोफाइलवर कधीच लिहिलं नव्हतं.

नोकरी मिळाली. मुलाखतीत साहेब म्हणाले, तुमच्या जुन्या वरिष्ठांशी बोलणं झालं, फार कौतुक करत होते. रुबानं कुणाचाच नंबर दिलेला नव्हता. तिनं विचारलंही नाही. नोकरी हातची जाऊ द्यायची नव्हती.

ईदच्या सकाळी दोघी बहिणी कबरस्तानात गेल्या. इख्लासनं यम्माच्या कबरीवर हिरव्या फांद्या ठेवल्या आणि रुबाच्या पाठीवरून हात फिरवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुला ऑफिसातून सुट्टीच मिळायची नाही. मी होते ना यम्मापाशी."

रुबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू? ताई, तू फक्त शुक्रवारी यायचीस."

"शुक्रवारी तू यायचीस गं," इख्लास हळूच म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तेच भयंकर होतं. यम्माला कुठल्या कुशीवर दुखायचं, सूप किती कोमट लागायचं, सालांच्या वासानं ती कशी हसायची, सगळं इख्लास सांगत गेली. एकही गोष्ट चुकली नाही.

घरी येताच रुबानं फोनमधला यम्माचा एक जुना फोटो काढला. यम्मा उशीला टेकून सूप पितेय आणि चमचा धरलेला फक्त हात दिसतोय, असा तो फोटो. हात रुबाचा होता. तिनं बोटांनी फोटो मोठा केला.

मनगटात इख्लासची सोन्याची बांगडी होती.

रुबानं तिथल्या तिथं शजरतैन पुसून टाकलं आणि खरं तेच लिहिलं: ही दोन वर्षं मी माझ्या आईची सेवा केली. नोकरी गेली तर गेली, इर्बिद तर इर्बिद. थोड्याच वेळात जुमानाचा फोन आला, चांगलीच चिडलेली.

"वेड लागलंय का तुला? असं खोटं कशाला लिहितेस?"

"जुमाना, ती कंपनी आपणच बनवली. त्या कॅफेत बसून."

"रुबा, मी दुपारी तुझ्या ऑफिसात यायचे. लिंबाच्या झाडांखाली बसून डबा खायचो आपण." तिचा आवाज काळजीचा झाला होता. "तुला बरं वाटत नाहीये का?"

रुबानं फोन ठेवला. पलंगावर चादर टाकली, यम्माच्या जागी उशी आडवी ठेवली आणि निजलेल्या माणसाखालून चादर बदलायला बघितलं. दोन वर्षं रोज केलेलं काम. हात अडखळले. आधी कुठली कड धरायची, तेच त्यांना कळेना.

प्रोफाइल उघडून पाहिलं. शजरतैन परत जागेवर होतं.

तिनं नासिफला लिहिलं, 'एका बाजूला तू बसायचास. दुसऱ्या बाजूला कोण होतं?'

उत्तर लगेच आलं.

'हीटरजवळच्या खुर्चीत? त्या म्हाताऱ्या बाई. विसरलीस? कामाला नव्हत्या त्या, नुसत्या येऊन बसायच्या. माझी मुलगी कधी येईल म्हणून सगळ्यांना विचारायच्या.'

आणि मग, 'तुलाही विचारायच्या. तू मान वर करायची नाहीस.'

रुबानं लिहिलं, 'आता कुठं आहेत त्या?'

'तिथंच. तुझ्या खुर्चीकडे तोंड करून बसतात.'

फोन तिच्या मांडीवर पडून राहिला. आणि तिला आठवायला लागलं. हीटरचा सूं सूं आवाज. करपलेल्या संत्र्याचा वास. डाव्या कानाशी एक खोल गेलेला आवाज, तेच ते विचारणारा. आणि डोळ्यांपुढे आकड्यांची लांबलचक रांग.

तिनं डोळे घट्ट मिटले. एकदा, एकदाच त्या खुर्चीकडे बघायचं म्हणून सगळा जीव एकवटून मान वर करायला गेली.

हिशेब अजून जुळला नव्हता.