तोलदाराची शपथ

आधी मेंढी आत आली, मग तो.

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता आणि मी गरम बन्सचा ट्रे खालच्या फळीवर लावत होते. दारावरची घंटी किणकिणली, ओल्या लोकरीचा वास आला, आणि एक गुटगुटीत मेंढी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि अजिबात संकोच न करता मनुकांच्या बनमध्ये तोंड घातलं. तिच्या मागोमाग धापा टाकत एक उंच तरुण शिरला. काळा कोट, वाकडी झालेली टोपी आणि हातात लिलावाची छडी.

“ती... ती माझी आहे,” तो म्हणाला. “म्हणजे माझी नाही. मी तिला विकत होतो.”

“मग विकली का?”

“बोली चालू होती. तेवढ्यात ही—”

“भाव पसंत पडला नसेल तिला.”

तो हसला. हसताना त्याची टोपी पडली. उचलायला वाकला तर मेंढीने टोपीच्या काठालाही एक चावा घेऊन पाहिला, पण बन जास्त आवडला असावा, कारण ती लगेच ट्रेकडे वळली.

“खाल्लेल्याचे पैसे देतो मी,” तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

“राहू द्या. माझ्या हातचं इतक्या आवडीने हल्ली खातंय कोण!”

मी गमतीने बोलायला गेले, पण शब्द जरा कडूच निघाले. त्याने चटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे राखाडी होते आणि पापण्यांवर पावसाचे थेंब होते, आणि हे सगळं मी इतक्या बारकाईने का पाहत होते, कोण जाणे!

तो बार्नबी येओ. गुरांच्या बाजारातला नवा लिलाव पुकारणारा. त्याचा आवाज मी आधीच ओळखत होते. आमच्या वेदरकोम गावाच्या छपरांवरून दर मंगळवारी तो आवाज धावत यायचा, श्वास न घेता, आकड्यावर आकडा रचत. असा माणूस माझ्या दुकानात एक धड वाक्य पुरं करू शकत नव्हता, याची मला फार गंमत वाटली.

पुढच्या मंगळवारी तो मेंढीशिवाय आला.

“एक पाव... म्हणजे... एक पाव.”

“दोन झाले की!”

“मग दोन द्या.”

असं सुरू झालं. तो यायचा, पाव घ्यायचा, टोपी फिरवत उभा राहायचा. मी चिडवायची, तो लाजायचा, आणि मागे पिठाच्या पोत्यावर बसलेले बाबा मोठ्याने खाकरायचे.

“टॅम्सिन,” बाबा एकदा म्हणाले, “तो पोरगा पाव घ्यायला येतो, की पाव देणारीला बघायला?”

“मेंढीची खुशाली सांगायला येतो,” मी म्हटलं. बाबांनी त्यावर जे हसू दाबलं, ते मला पाठमोरीलाही कळलं.

बाबांची पाठ गेल्या हिवाळ्यात धरली आणि भट्टी माझ्या हाती आली. आमच्या घराण्यात भट्टी अशीच बापाकडून मुलाकडे जात आली. मुलीकडे पहिल्यांदाच आली. पीठ तेच, आंबवण तेच, भट्टी तीच, पण गिऱ्हाईक पहिला तुकडा तोंडात टाकून म्हणायचं, “बरा आहे हो... पण हॅनफर्डच्या हातची गोष्टच वेगळी.” जणू माझं आडनाव दुसरंच कुठलं होतं! मी आत जाऊन कणकेला चार गुद्दे जास्त घालायची.

आणि जुलै जवळ येत होता.

जुलैत आमच्या गावची बाजारसभा भरते. कुठल्याशा राजाने कधीकाळी सनद दिली, तेव्हापासून ही सभा आहे. एके काळी ती लोकांना खोड्यात अडकवायची. आता तिची सत्ता पबमधली बिअर चाखण्यापुरती आणि पाव तोलण्यापुरतीच उरली आहे, पण थाट पाहाल तर वाटेल राज्य अजून तिचंच आहे. लाल झगे, ढोल, पुढे घंटा. तोलदार प्रत्येक बेकरीच्या दारात पाव तोलतो, मोडतो, चाखतो. पसंत पडला तर दारावर हॉलीच्या काटेरी झुडपाची हिरवी डहाळी लागते. नाही पडला तर तोच पाव दोरीने बेकरीवाल्याच्या गळ्यात बांधून त्याला कारंज्यापाशी स्टुलावर बसवतात आणि येणारा-जाणारा यथेच्छ टिंगल करतो. आमच्या दारावर डहाळी लागली नाही असं एकही वर्ष कोणाला आठवत नव्हतं. ती माझ्याच हातून चुकली असती, तर भट्टी माझी आहे हे मी पुन्हा कुठल्या तोंडाने म्हणाले असते?

म्हातारे तोलदार यंदा मुलीकडे राहायला गेले. सभेने नवा निवडला. बार्नबी येओ.

मी खूश झाले, खोटं कशाला बोलू! आपलाच माणूस, मनात आलं. शपथविधीला मी मार्केट हॉलच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. बाजारप्रमुख मिसेस एजकोम, म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, शपथ सांगत होत्या आणि तो मागून म्हणत होता.

“मी कोणाच्याही दारात... प्रेम अथवा द्वेष न बाळगता...”

तो थांबला.

“प्रेम अथवा द्वेष न बाळगता,” मिसेस एजकोम चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

त्याने हॉलभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थबकली. मग घाईघाईने त्याने उरलेली शपथ एका दमात संपवली, मेंढ्या विकाव्यात तशी.

त्यानंतर तो दुकानात आलाच नाही.

एक मंगळवार गेला, दुसरा गेला. घंटी वाजली की माझी मान वर व्हायची आणि दारात कोणी भलतंच असायचं. मग एकदा मी कारंज्यापाशी स्टॉल मांडत असताना तो दिसला — मिस्टर प्राउसच्या बेकरीतून बाहेर पडताना, काखेत पाव! प्राउस आम्हाला तीस वर्षं पाण्यात पाहतात. कारंज्यासमोरची जागा बाजारसभेने बाबांना दिली, तेव्हापासून. बार्नबीने मला पाहिलं, पाव कोटात दडवला आणि सरळ गल्लीत वळला.

“चव आवडली नाही वाटतं आपली,” मी बाबांना म्हटलं आणि भट्टीत उगाच वाकून बघत बसले. भट्टीसमोर डोळे ओले झाले तर कोणी कारण विचारत नाही.

“टॅम्सिन...”

“काही नको बोलू, बाबा.”

बाजारसभेच्या दिवशीची पहाट मला नीट आठवते. मी आंबवण मायेने हाताळलं, कणीक चिडून मळली, आणि पाव भट्टीतून निघाला तेव्हा त्याचं कवच हलकं तडतडत होतं. बाबा पोत्यावरून उठून पाहायला आले. आणि मोठ्याने खाकरले.

दुपारच्या आधी ढोल आले. पाऊस नेमका थांबला होता. मिरवणूक प्राउसच्या दारावर डहाळी लावून आमच्याकडे वळली, मागून अर्धं गाव. मिस्टर प्राउसही आले. हॅनफर्डची फजिती असेल तर ती बघायला ते आजारपणातूनही उठून आले असते. बार्नबी तोलदाराचा लाल पट्टा घालून पुढे आला. तो वाळल्यासारखा दिसत होता. मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं.

त्याने पाव तराजूत टाकला. पारडं खाली गेलं.

“वजन पुरं,” तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने पाव मोडला. वास दरवळला आणि गर्दीतून एक लांब हुंकार उठला. तुकडा ओठांपर्यंत नेला... आणि थांबला. गळ्यात बांधायची दोरी मिसेस एजकोमच्या हातात मला स्पष्ट दिसत होती.

त्याने तुकडा परत ठेवला.

“मला हा पाव चाखता येणार नाही,” तो म्हणाला.

बाबा ओरडले, “का रे? काय वाईट आहे त्यात?”

“वाईट? नाही, सर... पावात काही नाही. माझ्यात आहे. मी शपथ घेतली आहे... की मी... म्हणजे...”

बसली दातखीळ! माझा धीर सुटला. इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला, आणि मी कमरेवर हात ठेवून त्याच्याच भाषेत पुकारलं, “बोल की! एकवार... दोनवार...”

आणि बार्नबी येओ सुटला.

“प्रेम न बाळगता न्याय करीन अशी शपथ घेतली आणि घेतानाच कळलं की खोटी घेतोय, वाटलं दुकानात पाऊल टाकलं नाही तर उतरेल, नाही उतरलं, वाटलं प्राउसांचा पाव खाल्ला तर उतरेल, तोही खाल्ला, रोज खाल्ला, काही उपयोग नाही, माझं हिच्यावर प्रेम आहे, मेंढी आत गेली त्या दिवसापासून आहे, आता हा पाव दगडासारखा असता तरी मला गोडच लागला असता, म्हणून मी तो चाखू शकत नाही, आणि हा घ्या पट्टा!”

एवढं सगळं त्याने एका श्वासात म्हटलं. मग त्याचा त्यालाच धक्का बसला असावा, कारण तो टोपी शोधायला लागला आणि टोपी डोक्यावरच होती.

कुणीतरी शिट्टी मारली. मी मात्र तिथेच खिळले होते, पिठाने माखलेले हात हवेत धरून.

“शांतता!” मिसेस एजकोम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. “ते प्रकरण नंतर. आधी पाव. ज्याला या दुकानाबद्दल प्रेमही नाही आणि द्वेषही नाही, त्याने पुढे यावं.”

कोणी हललं नाही. सगळं गाव या भट्टीच्या पावावर वाढलेलं. मग गर्दीतून कोपर मारत मिस्टर प्राउस पुढे आले.

“तुम्हाला द्वेष आहे, मिस्टर प्राउस,” मिसेस एजकोम म्हणाल्या.

“आहेच! भरपूर आहे. म्हणून तर मी चाखणार. मी वाईट म्हटलं तर कोणी मानू नका. चांगलं म्हटलं तर नाइलाजाने म्हटलं असं समजा.”

त्यांनी तुकडा उचलला, हुंगला, बोटाने दाबून पाहिला, मग डोळे मिटून चावत राहिले. इतका वेळ की ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. शेवटी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं.

“मीठ कणभर जास्त आहे,” ते म्हणाले. “बाकी, पोरगी तुझ्यापेक्षा बरी आहे.”

आणि दुसरा तुकडाही तोडून घेतला.

बाबा हसायला लागले. पाठ धरून, डोळे पुसत हसत राहिले. मिसेस एजकोमनी स्वतः स्टुलावर चढून डहाळी लावली. लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. माझं, बाबांचं नव्हे. मी ऐकलं, आणि डोळे भरून आले, आणि या वेळी भट्टीत वाकायची गरज वाटली नाही.

बार्नबी अजून तिथेच होता, पट्ट्याशिवाय.

“आता तू तोलदार नाहीस ना?” मी विचारलं.

“नाही.”

“मग खा.” मी माझ्या हाताने तुकडा त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने खाल्ला.

“कसा आहे?”

“मीठ... कणभर...”

“बार्नबी!”

“अजिबात जास्त नाही,” तो म्हणाला, आणि मी त्याला मिठी मारली. सगळ्या बाजारादेखत, बाबांच्या खाकरण्याकडे साफ दुर्लक्ष करून.

“तू काही बोलली नाहीस,” तो माझ्या केसांत पुटपुटला. “मी एवढं बोललो...”

“तीनवार,” मी म्हटलं.

मग त्याला पळावं लागलं. मंगळवार होता, मेंढ्या खोळंबल्या होत्या. सगळी दुपार तो लिलावाच्या रिंगणात उभा राहून पुकारत होता, आणि त्याच्या काळ्या कोटावर पाठीमागे पिठाचे दोन पांढरे पंजे उमटले होते, पाची बोटांसकट. शेतकरी हसत हसत बोली वाढवत होते आणि त्याला वाटत होतं, आज आपला आवाज फारच चांगला लागलाय.

कोणीच त्याला सांगितलं नाही. मी कुंपणापाशी उभी होते. मीही नाही.